लिस्बनमार्गे स्विंडन: गोव्याच्या स्थलांतराचं एक प्रकरण

लंडनच्या पश्चिमेला स्विंडन नावाचं शहर आहे. एकेकाळी तिथे रेल्वेची इंजिनं बनत, पुढे होंडाच्या मोटारी बनायला लागल्या. तो कारखानाही २०२१ मध्ये बंद झाला. आता मोठमोठी गोदामं, वृद्धाश्रम आणि शिफ्टवर चालणारी छोटीमोठी कामं. पर्यटकाने मुद्दाम जावं असं तिथे फारसं काही नाही. तरी गोव्याच्या सासष्टी आणि बार्देश तालुक्यांतली हजारो माणसं तिथे स्थायिक झाली आहेत. बहुतेकांच्या खिशात पोर्तुगालचा पासपोर्ट असतो, आणि त्यांतल्या कित्येकांना पोर्तुगीजमध्ये चार वाक्यंसुद्धा बोलता येत नाहीत. लिस्बन अनेकांनी पाहिलेलंच नाही.

असं का झालं, याचं तयार उत्तर म्हणजे पैसा. तिथे पगार जास्त, इथे नोकऱ्या कमी, म्हणून माणसं गेली. हे खोटं नाही, पण अपुरं आहे, आणि त्याची परीक्षा घ्यायला लांब जावं लागत नाही. तेरेखोलची खाडी ओलांडली की सिंधुदुर्ग लागतो. तीच तांबडी जांभ्याची जमीन, तेच मासे, तोच पाऊस, नोकरीची तीच ओरड. घरं सोडून जाणं तर तळकोकणाच्या रक्तातच आहे. पण सावंतवाडी-वेंगुर्ल्याची माणसं गेली ती गिरणगावात, पोलिसात, गोदीत. स्विंडनला गेली नाहीत. पगारातला फरक दोन्ही काठांना सारखाच दिसत होता. वेगळं होतं ते एकच: आजोबांचा जन्म कोणाच्या दप्तरात नोंदला गेला.

माझं म्हणणं एवढंच आहे की गोव्याचं स्थलांतर समजून घ्यायचं तर गोव्याकडे पाहून भागत नाही. लिस्बन, दिल्ली, लंडन आणि ब्रसेल्स या चार ठिकाणी वेगवेगळ्या कारणांसाठी घेतलेले निर्णय एकावर एक पडत गेले आणि त्यातून एक वाट तयार झाली. ती तशी व्हावी असं त्यांतल्या कोणाच्याच मनात नव्हतं.

मिठाचा करार आणि मुंबईची कूड

सुरुवात पासपोर्टाच्या कितीतरी आधी होते. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात, १७९९ ते १८१३ दरम्यान, फ्रेंचांच्या भीतीने इंग्रजांनी गोव्यात आपलं सैन्य ठेवलं होतं. गोव्याच्या ख्रिस्ती माणसांशी इंग्रजांचा जवळून संबंध आला तो इथे. स्वयंपाकघरात गोमांस किंवा डुकराचं मांस शिजवायला नकार न देणारा, गावच्या चर्चशाळेत सूर-ताल आणि स्वरलेखन शिकलेला नोकर त्यांना सोयीचा वाटला. आचारी, बटलर, बँडवाले म्हणून गोवेकर इंग्रजांच्या छावण्यांत आणि जहाजांवर दिसू लागले.

खरा धक्का बसला तो १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने. कागदावर हा व्यापाराचा करार होता. ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यातली जकात उठली, मुरगाव बंदर आणि तिथून घाटावर जाणारी रेल्वे बांधायचं ठरलं. बदल्यात गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा आला आणि पोर्तुगालला वर्षाला चार लाख रुपये भरपाई मिळू लागली. ते चार लाख सरकारजमा झाले. मिठागरं मात्र मीठ पिकवणाऱ्या आगरवाल्यांची होती. त्यांचं काम बुडालं. माडाच्या सुरेवरचे कर वाढले तसे सूर काढणारे रेंदेरही अडचणीत आले. करार १८९२ मध्ये संपला, पण तोवर घाट चढणारी रेल्वे झाली होती. घरात काम उरलं नव्हतं आणि दारातून मुंबईची गाडी जात होती, तेव्हा माणसं गाडीत बसली.

मुंबईत त्यांच्यासाठी कूड उभी राहिली. धोबी तलाव, माझगाव, काव्हेल या भागांत गावोगावच्या कुडी होत्या. धोबी तलावच्या जेर महालात त्यांतल्या काही अजून आहेत. कूड म्हणजे गावाचा क्लब. एक मोठी खोली, भिंतीला लागून पेट्यांची रांग, प्रत्येक पेटीवर नाव, एका बाजूला गावच्या संताची वेदी. भाडं नावापुरतं. बायकामुलांना मुक्काम नाही, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची. जहाज लागेपर्यंत तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारा, इथे थांबायचा, जहाजावरून उतरला की इथेच यायचा. कोणत्या कंपनीला स्टुअर्ड हवेत, कुठल्या सारंगाशी बोलायचं, ही खबर त्या पेट्यांच्या रांगेत बसूनच मिळे. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन यांच्या जहाजांवर गोवेकर स्टुअर्ड आणि आचारी पिढ्यान्‌पिढ्या चढले ते या व्यवस्थेच्या जोरावर. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गोव्याचे वादक एवढे कसे, याचंही निम्मं उत्तर गावच्या चर्चशाळेत आणि निम्मं कुडीत सापडतं.

एक लक्षात घ्यायला हवं. मुंबईला जाणारा हा माणूस कायद्याने परदेशी होता, पोर्तुगालचा प्रजाजन. पण दोन सरकारांचं जमत होतं तोवर हद्दीवर त्याला फारसं कोणी अडवत नव्हतं.

आफ्रिकेतला वेगळा रकाना

मुंबईहून पुढची बोट मोंबासाला जाई. इंग्रजांना पूर्व आफ्रिकेत कारकून हवे होते: रेल्वेत, कस्टम्समध्ये, जिल्ह्याच्या कचेऱ्यांत. इंग्रजी येणारे, ख्रिस्ती, आणि हिशेबाला पक्के गोवेकर तिथे भरती झाले. केनियाच्या वसाहतकालीन जनगणनेत गोवेकरांना हिंदी लोकांत धरत नसत. त्यांचा रकाना स्वतंत्र असे. आपण पोर्तुगीज प्रजाजन आहोत, इतर आशियाईंपैकी नाही, असा तिथल्या अनेक गोवेकरांचा आग्रहही होता. आज तो ऐकायला बरा वाटत नाही. पण वर्णाप्रमाणे पगार ठरवणाऱ्या राज्यात एक पायरी वरचा रकाना मिळत असेल तर कोण सोडणार?

हा रकाना फार काळ टिकला नाही. १९६१ मध्ये गोवा भारतात आला आणि नैरोबीतल्या गोवेकराच्या हातातला पोर्तुगीज पासपोर्ट अचानक विचित्र वस्तू बनला. १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला आणि नागरिकत्व निवडायला दोन वर्षांची मुदत मिळाली. १९७२ मध्ये ईदी अमीनने युगांडातल्या आशियाईंना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं, तेव्हा गोवेकरही निघाले. बरेच इंग्लंडला आणि कॅनडाला. गावात परतलेल्या या मंडळींना आजही आफ्रिकार म्हणतात, आणि त्यांची घरं ओसरीवरूनच ओळखू येतात.

पोर्तुगीज आफ्रिकेची कथा निराळी. मोझांबिकमधले गोवेकर १९७५ नंतर मोठ्या संख्येने लिस्बनला गेले, कारण त्यांना पोर्तुगीज येत होतं आणि राजधानीत त्यांची ओळखपाळख होती. २०१५ ते २०२४ पोर्तुगालचे पंतप्रधान असलेले आंतोनियो कॉश्ता हे याच थरातले. त्यांचे वडील, लेखक ओर्लांदो द कॉश्ता, मोझांबिकमधल्या लोरेंसो मार्किशला (आजचं मापुटो) जन्मले आणि गोव्यात वाढले. पण हा थर लहान आणि उच्चभ्रू. स्विंडनच्या गोदामात रात्रपाळी करणारा माणूस या ओळीतून आलेला नाही.

तीन तारखा

आता या प्रकरणाचं मर्म. १९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्याने गोवा घेतला. मार्च १९६२ मध्ये भारत सरकारने नागरिकत्वाचा आदेश काढला: स्वतः किंवा आईवडील-आजीआजोबांपैकी कोणी २० डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेलं असेल तर ती व्यक्ती त्या दिवसापासून भारताची नागरिक. नको असेल त्याने महिन्याभरात तसं लिहून द्यावं. बहुसंख्यांनी काही लिहून दिलं नाही. ते भारतीय झाले.

पण हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालने हे मान्यच केलं नाही. लिस्बनच्या दृष्टीने गोवा अजून पोर्तुगालचा, फक्त परकीयांच्या ताब्यातला. तेरा वर्षं हे चाललं. एप्रिल १९७४ च्या क्रांतीने हुकूमशाही गेली, आणि ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी करारावर सह्या केल्या. पोर्तुगालकडून मारियो सोआरिश, भारताकडून यशवंतराव चव्हाण. १९५५ च्या पंधरा ऑगस्टला गोव्याच्या हद्दीवर गोळ्या खाल्लेल्या सत्याग्रहींत महाराष्ट्रातलेही होते, ते आठवणाऱ्यांना या सहीचं मोल वेगळं सांगायला नको.

करारात पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. नागरिकत्वाचा कायदा मात्र लिस्बनने आपल्या हाती ठेवला. आफ्रिकेतल्या वसाहती स्वतंत्र झाल्या तेव्हा तिथल्या बहुतेकांचं पोर्तुगीज नागरिकत्व १९७५ च्या कायद्याने काढून घेण्यात आलं. गोव्याला ती कात्री लागली नाही. त्यामुळे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या लेखी जन्मतःच पोर्तुगीज राहिला. त्याने लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत जन्म नोंदवला की झालं. त्याच्यामागून मुलगा, आणि मुलाच्या मागून नातू.

एकच माणूस दोन देशांच्या कायद्यांत दोन वेगवेगळ्या तऱ्हेने नागरिक ठरतो, आणि दोन्ही कायदे आपापल्या जागी सुसंगत आहेत. १९७५ साली हे कोणाला टोचलं नाही, कारण त्या पोर्तुगीज नागरिकत्वाचा उपयोग काय होता? पोर्तुगाल हा पश्चिम युरोपातला गरीब देश. त्याचीच माणसं कामासाठी फ्रान्सला जात होती. गोव्यातल्या तरुणाचं लक्ष कुवेत, बहारीन, दुबईकडे होतं.

दार लंडनचं, किल्ली लिस्बनची

इथे ब्रिटनची गंमत बघण्यासारखी आहे. राष्ट्रकुलातल्या नागरिकांना ब्रिटनमध्ये येऊन राहायची मुभा होती. ती १९६२ च्या कायद्याने आवळायला सुरुवात झाली. १९६८ मध्ये केनियातल्या आशियाईंना डोळ्यांसमोर ठेवून ती आणखी आवळली, १९७१ मध्ये आणखी. शंभराहून अधिक वर्षं इंग्रजांची राजवट पाहिलेल्या पुण्या-मुंबईच्या माणसाला लंडनचं दार बंद होत गेलं.

आणि पुढे मागचं दार उघडलं. १ जानेवारी १९८६ ला पोर्तुगाल युरोपीय समुदायात आला. कामगारांच्या मुक्त संचाराचा पूर्ण हक्क पोर्तुगीजांना १९९२ पासून मिळाला. त्या दिवसापासून मडगावच्या माणसाचा पोर्तुगीज पासपोर्ट हा लंडनमध्ये विनापरवाना काम करायचा हक्क झाला. ज्या साम्राज्याने इंग्रजी शिकवली त्याचं दार बंद, आणि ज्याने आपली भाषा मागे ठेवायचा अट्टहास केला त्याच्या कागदावर इंग्लंडमध्ये प्रवेश.

मग ही माणसं पोर्तुगाललाच का नाही राहिली? पगार हे एक कारण. दुसरं, आणि माझ्या मते जड, कारण शाळा. १९६१ नंतर गोव्यात गावोगाव शाळा निघाल्या, त्या मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या. पोर्तुगीज एका पिढीत घराघरांतून गेली. त्यामुळे लिस्बनमध्ये हा माणूस मुका, आणि स्विंडनमध्ये पहिल्या दिवसापासून सुपरवायझरशी बोलणारा. एकदा दहा घरं गेली की पुढचं कुडीच्याच पद्धतीने होतं: आधी गेलेल्याच्या घरात एक खोली, त्याच्याच एजन्सीत नाव, त्याच्याच शिफ्टला गाडीत जागा. साउथॉल, हाउन्स्लो, स्विंडन ही नावं सासष्टीत आज कुडतरी-राय इतक्या सहज घेतली जातात. दीवचे गुजराती याच कागदावर लेस्टरला गेले.

एका अक्षराचा खर्च

हे सगळं ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात पासपोर्ट आजोबांच्या जन्मनोंदीपासून सुरू होतो आणि बहुतेकांची गाडी तिथेच रुतते.

पोर्तुगीज राजवटीने नागरी नोंदणीचं दप्तर नीट ठेवलं होतं, आणि १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा कौटुंबिक भाग गोव्यात पुढेही चालू राहिला. त्यामुळे जन्म, लग्न, मृत्यू यांची साखळी तुटली नाही. हे दप्तर नसतं तर कायदा असूनही हक्क सिद्ध करता आला नसता. पण ती नोंद पोर्तुगीजमध्ये, बोरूच्या तिरक्या हस्ताक्षरात. त्यात नाव कायतानो, शाळेच्या दाखल्यावर काइतान, मतदार यादीत कैतान. आडनाव फर्नांडिश की फर्नांडिझ, शेवटी एस की झेड. बाप्तिस्म्याची तारीख एक, जन्माची दुसरी, लग्नाच्या नोंदीत तिसरी.

हिंदूंचं आणखी अवघड. जुन्या दप्तरात शिरोडकर एक्सने सुरू होतो आणि नाईक क्यू-यू-ई ने संपतो. १९६१ नंतर लोकांनी इंग्रजी वळणाने नावं लिहायला घेतली, तेव्हा कोणाला वाटलं होतं की नातवाला एके दिवशी हे आपलेच आजोबा असं लिस्बनच्या कारकुनाला पटवून द्यावं लागेल? प्रत्येक तफावतीला दुरुस्ती, प्रत्येक दुरुस्तीला अर्ज, कधी कोर्ट, वर भाषांतर आणि शिक्के. या कामावर गोव्यात एजंटांचा एक अख्खा धंदा उभा आहे. काही सचोटीचे, काहींनी खोट्या नोंदी घालून लोकांना कायमचं अडकवलेलं. नोंद होते लिस्बनला, चौकशी पणजीच्या वाणिज्य दूतावासात, आणि शंका मात्र दिल्लीला.

दिल्लीची शंका अशी: भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. पोर्तुगाल म्हणतो, आम्ही याला काही नवीन दिलं नाही, हा जन्मापासून आमचाच होता. भारत म्हणतो, १९६२ च्या आदेशाने तो आमचा झाला, नंतर त्याने दुसरीकडे हक्क सांगितला. नुसता जन्म नोंदवला, पासपोर्ट घेतलाच नाही, तर नागरिकत्व गेलं का? या प्रश्नावर गोव्यात वर्षानुवर्षं खल झाला आहे, निवडून आलेल्या आमदारांपर्यंत. माझं मत विचाराल तर पासपोर्ट हातात घेतला त्या दिवशी भारतीयत्व सुटलं हे मान्य करायला हवं. पण न घेतलेल्या पासपोर्टासाठी नागरिकत्व काढून घेणं, तेही आजोबांच्या नोंदीवरून, हे न्यायाचं वाटत नाही.

ब्रेक्झिटनंतर

२३ जून २०१६ च्या मतदानात ब्रिटनने युरोपीय संघ सोडायचं ठरवलं. ३१ डिसेंबर २०२० ला संक्रमणकाळ संपला, आणि नव्याने येणाऱ्या पोर्तुगीज नागरिकाला ब्रिटनमध्ये कामाचा व्हिसा लागू लागला. आधीपासून राहणाऱ्यांनी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करायचा होता. पाच वर्षं सलग राहिलेल्याला कायमचा दर्जा, कमी असेल त्याला तात्पुरता. शेवटच्या काही वर्षांत गोव्यात कागदांसाठी जी धावपळ झाली तिचं कारण ही तारीख. गोव्यात काही बदललं नव्हतं, पगार तेच होते. तरी इंग्लंडच्या मतपेटीने वाट बंद केली. ज्यांच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे पण ब्रिटनचा दर्जा नाही, त्यांना इंग्रजी चालणारा शेजारचा देश उरला तो आयर्लंड.

भारताच्या बाजूनेही गाठ होतीच. परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयाला ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर भारतात व्हिसाशिवाय येता-राहता येतं. त्यासाठी भारतीय पासपोर्ट परत केल्याचं प्रमाणपत्र लागायचं. पण पासपोर्ट कार्यालयं अनेक गोवेकरांचे पासपोर्ट जमा करून घेण्याऐवजी रद्दच करू लागली, कारण पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद आधीची आणि भारतीय पासपोर्टाचा वापर नंतरचा. प्रमाणपत्र नाही, म्हणून कार्ड नाही, म्हणून स्वतःच्या गावात व्हिसावर यायचं. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने प्रमाणपत्राऐवजी रद्दीकरणाचा आदेशही चालेल असं कळवलं, तेव्हा ही गाठ थोडी सुटली.

मधल्या काळात स्विंडनमध्ये जन्मलेली पिढी मोठी झाली. आईवडिलांना कायमचा दर्जा असेल तर मूल जन्मतः ब्रिटिश. आईवडील पोर्तुगीज म्हणून लिस्बनला नाव घातलं की पोर्तुगीज. अर्ज केला की ओसीआय. दोन पासपोर्ट आणि एक कार्ड, भारताचं नागरिकत्व तेवढं नाही.

आणि गावात घर आहे. गोव्याच्या वारसा कायद्यात मुलांचा अर्ध्या मालमत्तेवर सक्तीचा हिस्सा असतो. वडिलांना इच्छापत्राने तो काढून घेता येत नाही. त्यामुळे लोटलीतलं एक घर विकायचं, भाड्याने द्यायचं किंवा वाटून घ्यायचं म्हटलं तर स्विंडनचा थोरला, टोरांटोची बहीण, मुंबईचा धाकटा आणि त्यांची नवरे-बायका या सगळ्यांच्या सह्या हव्यात. सह्या जमल्या नाहीत तर इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून घेण्याचा, दावा, आता २०१२ च्या गोवा वारसा कायद्याखाली. ज्या संहितेने आजोबांना लिस्बनच्या दप्तराशी जोडून ठेवलं, तिच्याच हिशेबाने हे घर वाटलं जातं. आणि थोरल्याचं मुखत्यारपत्र लंडनहून येईपर्यंत कौलं बदलायचा निर्णयही पुढे ढकलला जातो.